बॅग उचलणाऱ्याचा हंगाम: धाकट्या गोल्फ टूरबद्दल

कन्हानकाठचा

मागे 'आपल्या भागातले न दिसणारे धंदे' या धाग्यावर मी एका ओळीत लिहून गेलो की मी कॅडी आहे, गोल्फवाल्यांच्या बॅगा उचलतो. त्यावर बरेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले. कुणी पगार विचारला, कुणी 'कामठीत गोल्फ?' म्हणून विचारलं, एकाला तर टायगर वुड्सशी माझं बोलणं झालं का ते हवं होतं. प्रत्येकाला वेगळं लिहीत बसण्यापेक्षा इथेच लिहितो.

गाव आमचं कन्हान नदीकाठी, कामठी सायकलच्या टप्प्यात. कामठीची छावणी १८२१ सालची. छावणी आली की तिच्या मागोमाग गोल्फ येतो, देशभर हाच प्रकार आहे. गावातली पोरं रविवारी साहेब लोकांच्या बॅगा उचलायला जायची, त्यांच्यात मीही. शाळा सुटली, हे काम काही सुटलं नाही. गेला हंगाम पूर्ण एका तरुण प्लेअरबरोबर टूरवर काढला. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला ते चालणार नाही. फौजीचा मुलगा आहे, शांत आहे. चिडला तर बोलत नाही, नुसता जेवण सोडतो.

टीव्हीवर अमेरिकेचा जो गोल्फ दिसतो तो वरच्या लोकांचा. आपल्याकडे पीजीटीआय (प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया) नावाची टूर, म्हणजे वर्षभराची स्पर्धांची मालिका आहे, २००६ पासून. तिच्याखाली दुसऱ्या फळीची नेक्सजेन. माझा प्लेअर बराचसा नेक्सजेनवर आणि मधूनमधून मोठ्या टूरच्या वेटिंग लिस्टवर. पीजीटीआयच्या वर्षभराच्या यादीत जो पहिला येतो त्याला युरोपच्या डीपी वर्ल्ड टूरचं कार्ड, म्हणजे तिथे खेळायचा हक्क मिळतो. २०२२ ला मनू गंडास, २०२३ ला ओम प्रकाश चौहान, २०२४ ला वीर अहलावत. वर्षाला एक माणूस. बाकीचे पुन्हा पुढच्या फेब्रुवारीत तिथूनच सुरू.

पैशाचं असं आहे. पीजीटीआयच्या एक कोटीच्या स्पर्धेत जिंकणाऱ्याला १५ लाख मिळतात. पेपरात तेवढंच येतं. पेपरात न येणारी गोष्ट म्हणजे 'कट'. स्पर्धा चार दिवसांची, रोज १८ होल. दोन दिवस झाले की वरचे ५० आणि पन्नासाव्याच्या बरोबरीत असलेले पुढे जातात. बाकीच्यांना एक रुपयाही नाही. प्रवास, हॉटेल, एन्ट्री फी, कॅडी, धोबी, सगळा खर्च झालेला असतो आणि कमाई शून्य.

आपल्याकडच्या बऱ्याच स्पर्धा मंगळवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतात. शनिवार-रविवार क्लबच्या मेंबरांना कोर्स लागतो. म्हणजे कट बुधवारी संध्याकाळी. जे सकाळी खेळून मोकळे झाले ते दुपारभर बोर्डासमोर किंवा मोबाइलवर आकडे बघत बसतात. आपला खेळ संपलेला, हातात काही नाही. दुपारी वारा सुटला की मागून खेळणाऱ्यांचे शॉट वाढतात आणि कटची रेघ एका शॉटने खाली सरकते. वारा पडला की वर. दोन ओव्हरवर (ठरलेल्यापेक्षा दोन शॉट जास्त) बसलेला माणूस त्या एका तासात तीनदा आत येतो आणि चारदा बाहेर जातो. कुणी कुणाकडे बघत नाही. चहाचा कप हातात धरून लोक पार्किंगमध्ये उभे असतात.

आणि आमच्यासारख्यांचं आणखी एक. परतीची दोन तिकिटं काढून ठेवायची, एक बुधवार रात्रीचं, एक शुक्रवार रात्रीचं. कट लागला की एक रद्द. तत्काळ काढायचं नाही, कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर एक पैसा परत येत नाही. साधं तिकीट आधीच काढून ठेवलं तर थोडे कापून उरलेले येतात. हा हिशोब मला कुणी शिकवला नाही, पण हंगामात जे काही वाचलं ते यातूनच वाचलं.

नागपूरचा मात्र फायदा झाला. जमशेदपूरला गीतांजली, अहमदाबादला प्रेरणा, बंगळुरूला संघमित्रा, दिल्लीला जीटी. गुरगाव, चंदीगडच्या पोरांना दक्षिणेत यायचं तर विमान किंवा दोन रात्री. आपण मधोमध असल्याने गाडीत बसलं की पोचलोच.

बाकी विचारा, सांगतो.

तर्रीपोहे

भाऊ, वाचनखूण साठवली. 'चिडला तर जेवण सोडतो' हे वाचून आमचे वडील आठवले, ते गोल्फ न खेळता हेच करायचे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

जामठा_एंड

लेख आवडला पण एक खटकलं. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीनदा रणजी जिंकली. खापरखेड्याच्या खाणीजवळचा उमेश यादव भारतासाठी खेळला. तिथे पोरगा एकदा संघात निवडला गेला की तिकीट, हॉटेल, जेवण संघटना बघते, वर मॅच फी. इथे प्लेअर स्वतःच्या खिशातून खेळतो आणि हरला तर आणखी खिशातून जातं. मग हा खेळ पैसेवाल्यांचा नाही तर काय? आमच्या पोरांना यात ओढू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

कन्हानकाठचा

जामठा भाऊ, तुमचं अर्धं बरोबर आहे. इथे संघच नाही, त्यामुळे तुम्हाला वगळणाराही कुणी नाही. निवड समिती नाही, कोच कुणाचा ते बघत नाहीत. स्कोअरच्या कार्डावर ७१ शॉट लिहिले की ७१. ही बाजू मला फार आवडते.

पण पैशाचं म्हणता ते खरंच. मी बघितलेल्या प्लेअरांत तीन प्रकार होते. घरचा पैसा असलेले, एखादी कंपनी किंवा एखादे मेंबरसाहेब पाठीशी असलेले, आणि आठवड्याच्या आठवड्याला जगणारे. तिसऱ्यांचा खेळ बऱ्याचदा पहिल्यांपेक्षा चांगला असतो, पण बुधवारी दुपारी त्यांचा हात वेगळा चालतो. चार फुटांचा पट (चेंडू होलमध्ये ढकलायचा शॉट) आहे. घरचा पैसा असलेला तो पट मारतो. तिसऱ्यासाठी त्या पटात पुढच्या आठवड्याचं हॉटेल असतं. हे बोलायला नको, पण बॅग उचलणाऱ्याला मानेवरून कळतं.

तरी 'पैसेवाल्यांचा' म्हणून सोडून देऊ नका. अली शेर दिल्ली गोल्फ क्लबचे कॅडी होते. १९९१ ला इंडियन ओपन जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू, १९९३ ला पुन्हा जिंकले. गोल्फवाला राशिद खान तिथूनच आला. चिक्करंगप्पा बंगळुरूजवळच्या ज्या कोर्सवर चेंडू वेचायचा, त्याच कोर्सवर घडला. चेंडू वेचणाऱ्याला खेळू दिलं, हे महत्त्वाचं. सगळीकडे देत नाहीत. एका ठिकाणी (नाव सांगत नाही) कॅडींना नळाचं पाणी प्यायलाही मागच्या बाजूने जावं लागायचं.

पऱ्हाटीवाला

राजेहो, माह्या डोक्यात एकच प्रश्न फिरून रायला. एवढ्या जागेवर गवत वाढवाचं, त्याले पाणी द्याचं, अन् वरून कापाचं. इकडं आमी आयुष्यभर वावरातली हरळी खणून काढून रायलो, मुळी हातभर खाली जाते अन् एक गाठ राह्यली तरी पुन्हा उगवते. तुमी तेच गवत पैशे देऊन लावता का बाप्पा? अन् उन्हाळ्यात आमच्या इकडं प्याले पाणी नाई. याचं उत्तर द्या.

कन्हानकाठचा

पऱ्हाटीवाले काका, तुम्ही अगदी मर्मावर बोट ठेवलं. हो, तीच हरळी. ज्याला गोल्फवाले बर्म्युडा म्हणतात ती आपल्या धुऱ्यावरची हरळीच. तिच्या बुटक्या संकरित जाती अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथे तयार झाल्या, म्हणून त्यांची नावं टिफड्वार्फ, टिफवे अशी. आपल्या उन्हात बाकीची बरीच गवतं टिकत नाहीत. ती मरत नाही म्हणून तुम्ही वैतागता, ती मरत नाही म्हणूनच हे लोक तिला लावतात.

ग्रीन म्हणजे जिथे होल असतं तो भाग. तिथे ही हरळी ३ ते ४ मिलिमीटरवर कापलेली असते. आणि काळ्या मातीत ग्रीन होत नाही. पावसात फुगणार, उन्हात भेगा पडणार. चांगलं ग्रीन करायचं तर खाली सुमारे १० सेंटीमीटर गिट्टी, त्यात पाइप, वर ३० सेंटीमीटर रेतीचा थर, आणि त्यात गवत. म्हणजे पाणी धरून ठेवणारी आपली माती बाजूला सारायची आणि पाणी न धरणारी रेती आणायची. तुमच्या प्रश्नाचं खरं दुखणं इथेच आहे. पाणी लागतंच, भरपूर लागतं. काही कोर्स सांडपाणी शुद्ध करून वापरतात, सगळे वापरत नाहीत. ज्या गावात टँकर येतो तिथे नवीन कोर्स काढू नये, असं मला वाटतं, आणि माझं पोट यावर आहे तरी वाटतं.

आता तुमच्या हरळीचा मला काय उपयोग झाला ते सांगतो. या गवताला लव असते, ते एका अंगाला झुकून वाढतं. पट लवेच्या दिशेने असला तर चेंडू पळतो, उलट असला तर अडतो, आडवा असला तर लव त्याला ओढते. उभं राहून बघितलं की ज्या बाजूने गवत चमकतं तिकडून लव आपल्यापासून दूर जाते, आणि जिकडून काळपट दिसतं तिकडून आपल्याकडे येते. होलच्या काठावर वाकून बघायचं. ज्या काठाचं गवत विस्कटलेलं, करपलेलं असतं, लव त्या बाजूला. शहरातली पोरं हे पुस्तकातून शिकतात. मी तुमच्यासारखाच हरळी खणत मोठा झालो, ती कुठे पळते ते मला बसल्या बसल्या दिसतं. माझ्या प्लेअरने हंगामाच्या मध्यावर ग्रीनवर मला विचारायला सुरुवात केली. त्याआधी तो फक्त 'किती यार्ड' एवढंच विचारायचा.

पऱ्हाटीवाला

मंग आमाले बी घेऊन चला की टूरवर. तीस वर्षाचा अनुभव हाय हरळीचा.

सुभेदार_निवृत्त

धागा वाचून आनंद झाला. मी सेवेत असताना निरनिराळ्या छावण्यांत राहिलो. तरुण मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो, जुन्या काळी पाणी नसलेल्या छावण्यांत ग्रीन नसायचे, 'ब्राउन' असायचे. रेतीत तेल मिसळून ती दाबून सपाट केलेली असायची. पट मारण्याआधी त्यावरून झाडू किंवा ओढायचं अवजार फिरवून वाट सारखी करायची. चेंडू सरळ जायचा, लव वगैरे भानगड नाही. पऱ्हाटीवाले यांच्या पाण्याच्या प्रश्नाला फौजेने दिलेलं हे जुनं उत्तर.

दुसरं, महूकडे बघा. मध्य प्रदेशातली छावणी, आपल्या कामठीसारखीच. मुकेश कुमार महूचे. २०१६ ला पॅनासॉनिक ओपन इंडिया जिंकले तेव्हा ते ५१ वर्षांचे होते, एशियन टूरवर जिंकणारे सगळ्यात वयस्कर खेळाडू. वर ज्यांचा उल्लेख आला ते ओम प्रकाश चौहानही महूचेच. एका छोट्या गावातून दोन असे खेळाडू निघाले. कामठीतून एकही का नाही, याचा विचार आपणच करायला हवा. माझ्या मते महूत पोरांसमोर एक उदाहरण होतं. मुकेश कुमारना रोज सराव करताना पाहणारं पोरगं त्यांच्यासारखं होऊ पाहणारच.

कन्हानकाठचा

साहेब, अगदी. महूवाले टूरवर एकमेकांना धरून असतात. खोल्या एकत्र घेतात, स्वयंपाकही करतात. आमच्या बाजूचे मी आणि अजून एकदोन कॅडी, बस. प्लेअर म्हणून नागपूर-कामठीकडचं कुणी माझ्या वाट्याला आलं नाही.

मोर्शी_ते_ओहायो

माझं मूळ मोर्शी, संत्र्याच्या बागेतलं. आता कोलंबसला आहे. इथे ओहायो स्टेट विद्यापीठाच्या स्कार्लेट कोर्सवर अमेरिकेच्या धाकट्या टूरची एक स्पर्धा होते, नेशनवाइड चिल्ड्रन्स हॉस्पिटल चॅम्पियनशिप. मी तिथे स्वयंसेवक म्हणून पाटी धरून उभा असतो. २०१९ ची स्पर्धा स्कॉटी शेफलरने जिंकली. त्या वर्षी या टूरच्या यादीत तो पहिला होता. तेव्हा त्याच्यामागे माणसं किती? बोटावर मोजण्याइतकी. २०२२ ला त्याने मास्टर्स, गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकली.

ही टूर १९९० ला बेन होगन टूर नावाने सुरू झाली. मग नाइके, मग बाय डॉट कॉम, नेशनवाइड, वेब डॉट कॉम, आणि २०१९ पासून कॉर्न फेरी. प्रायोजक बदलला की नाव बदलतं, खेळणाऱ्यांची हालत तीच राहते. हंगाम जानेवारीत बहामाच्या बेटावर सुरू होतो, पनामा, कोलंबिया, अर्जेंटिना अशी मध्य आणि दक्षिण अमेरिकेची चक्कर होते, मग अमेरिकेतली लहान शहरं, आणि ऑक्टोबरमध्ये शेवट. १० लाख डॉलरच्या स्पर्धेत पहिल्याला १ लाख ८० हजार. भरलेल्या स्पर्धेत १५६ खेळाडू, कट ६५ आणि बरोबरीचे. म्हणजे तिकडच्यासारखंच, नव्वदेक जण दोन दिवसांत रिकाम्या हाताने परत. वर्षाअखेर २०२४ मध्ये वरच्या ३० जणांना पीजीए टूरचं, म्हणजे अमेरिकेच्या मोठ्या टूरचं कार्ड मिळालं, २०२५ पासून ते २० वर आणलं. एका हंगामात तीन स्पर्धा जिंकल्या तर मात्र वाट न बघता लगेच वर.

एक गोष्ट मला भारी वाटते. बरेच खेळाडू हॉटेलात राहत नाहीत, गावातली कुटुंबं त्यांना घरी ठेवून घेतात. आठवडाभर घरचं जेवण, कपडे धुवायला मशीन. पुढच्या वर्षी खेळाडू पुन्हा त्याच घरी. आमच्या शेजाऱ्यांकडे एक पोरगा यायचा, तो कट चुकला की त्यांच्या लॉनचं गवत कापून द्यायचा.

आपल्या लोकांचं सांगायचं तर अर्जुन अटवालने २००८ ला याच टूरवर (तेव्हाची नेशनवाइड) चॅटनूगाची स्पर्धा जिंकली. पुढे मोठ्या टूरचं कार्ड गेलं. मग २०१० च्या विन्डम चॅम्पियनशिपला सोमवारची पात्रता फेरी खेळून आत शिरला आणि थेट जिंकला. पीजीए टूरवर जिंकणारा पहिला भारतीय. अक्षय भाटिया इथेच वाढलेला, आईवडील भारतीय, त्याने २०२२ च्या जानेवारीत बहामाला कॉर्न फेरीची स्पर्धा जिंकली तेव्हा तो १९ वर्षांचा होता.

कन्हानकाठचा भाऊ, वेटिंग लिस्टचं तुम्ही ओझरतं लिहिलंत. त्यावर थोडं लिहा. जॉन डॅली या टूरच्या पहिल्याच वर्षी, १९९० ला, इथे जिंकला होता. १९९१ च्या पीजीए चॅम्पियनशिपला तो नववा राखीव. रात्रभर गाडी हाकत इंडियानाला पोचला, सराव फेरीही न खेळता उतरला, आणि चार दिवसांनी करंडक त्याच्या हातात.

कन्हानकाठचा

डॅलीची गोष्ट आम्हा कॅडींना वेगळ्या कारणाने पाठ आहे. त्याला जागा मिळाली कारण निक प्राइसने माघार घेतली, बायकोचं बाळंतपण होतं. प्राइसचा कॅडी जेफ मेडलेन मोकळा झाला, त्याने डॅलीची बॅग घेतली. कोर्स त्याला माहीत होता, डॅलीला नव्हता. दोघं मिळून जिंकले. पुढच्या वर्षी, १९९२ ला, तोच मेडलेन प्राइसच्या बॅगवर आणि प्राइसने तीच स्पर्धा जिंकली. सलग दोन वर्षं, दोन प्लेअर, कॅडी एकच. पण करंडकावर कॅडीचं नाव नसतं.

वेटिंग लिस्टवर असलेल्या माणसाने त्या गावी जाऊन बसायचं असतं. सकाळी सगळ्यांच्या आधी कोर्सवर, बूट घालून, ताणून-वाकून तयार. कुणाचं पोट बिघडलं, कुणाची फ्लाइट चुकली, की नाव पुकारतात. नाही पुकारलं तर दुपारी बॅग बंद. खर्च तोच. माझा प्लेअर असा बऱ्याचदा बसला. अशा दिवशी तो पुस्तक वाचायचा आणि मी बाकीच्या कॅडींकडून ग्रीनची खबर काढायचो.

अकोलेकरीण

सगळे प्रतिसाद पुरुषांच्या टूरवर चाललेत, म्हणून मध्येच लिहिते. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली तेव्हा मी पहाटे उठून ते बघितलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा गोल्फ. तिची बॅग आई उचलत होती. त्याआधी रिओला वडिलांनी उचलली होती. दीक्षा डागरला ऐकू येत नाही. ती २०१९ ला दक्षिण आफ्रिकेत जिंकली, तिचे वडील फौजेत कर्नल. बघा, पुन्हा फौज आणि घरचे लोक. बाईने कॅडी व्हायचं म्हटलं तर आपल्याकडे चालतं का? आणि बॅग उचलण्याशिवाय नेमकं करतात काय?

कन्हानकाठचा

ताई, काही कोर्सवर बायका कॅडी आहेत, टूरवर मात्र कमी दिसल्या. प्रवासात राहायची सोय हा मोठा अडसर. आम्ही चार जण एका खोलीत पडतो, ते बाईला कसं जमणार? स्पर्धा भरवणाऱ्यांनी कॅडींसाठी हॉल दिला तर फरक पडेल, कुणी कुणी देतात.

कामाचं म्हणाल तर बॅग भरली की १५-२० किलो. ती घेऊन चार तास चालणं हा सोपा भाग. यार्ड मोजायचे, वारा बघायचा, बंकरमधली रेती सारखी करायची, क्लब पुसायचे. आणि क्लब मोजायचे. बॅगेत १४ पेक्षा जास्त चालत नाहीत. २००१ च्या ब्रिटिश ओपनला इयान वूझ्नम शेवटच्या दिवशी पहिल्या होलवर बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक शॉट कमी) मारून आघाडीच्या बरोबरीत आला. दुसऱ्या टीवर (होलचा पहिला शॉट मारायची जागा) कॅडी म्हणतो, बॅगेत दोन ड्रायव्हर (लांब मारायचा क्लब) आहेत. सरावाला दुसरा घेतला होता, तो काढायचा राहिला. दोन शॉटचा दंड, आणि करंडक गेला तो गेलाच. तेव्हापासून जगातला प्रत्येक कॅडी पहिल्या टीवर क्लब मोजतो. मी खोलीत एकदा मोजतो आणि टीवर एकदा.

२०१९ पासून नियम आला की प्लेअर उभा राहून नेम धरू लागला की कॅडीने त्याच्या मागे रेघेत उभं राहायचं नाही. त्याच जानेवारीत दुबईला चीनच्या ली हाओतोंगला शेवटच्या होलवर यासाठी दोन शॉटचा दंड लागला. म्हणून मी नेहमी बाजूला, जरा जास्तच बाजूला.

आणि कधी बोलायचं नाही ते कळणं. बोगी (ठरलेल्यापेक्षा एक शॉट जास्त) झाल्यावर पुढच्या टीपर्यंत मी बोलत नाही. तोच आधी काहीतरी बोलतो, बहुतेक वेळा खाण्याबद्दल.

मोबदला आठवड्याचा ठरलेला, आणि कट लागला तर बक्षिसातून टक्के. जगभर ढोबळ हिशोब असा चालतो की जिंकला तर १० टक्के, पहिल्या दहात आला तर ७, नाहीतर ५. आपल्याकडे ज्याचं त्याचं ठरलेलं. माझा प्लेअर कट चुकला तरी आठवड्याचे पैसे त्याच रात्री देतो. असे सगळे नसतात. एकाने मागे एका हंगामात मला 'नंतर देतो' म्हणून जे लटकवलं ते लटकवलंच.

जामठा_एंड

वूझ्नमचं माहीत नव्हतं. बरं, मुख्य गोष्ट राहिली. हंगाम संपला कसा? तुमचा प्लेअर वर गेला की नाही?

कन्हानकाठचा

नाही गेला. खालीही नाही गेला. पहिल्या अर्ध्यात बुधवारी रात्रीची तिकिटं जास्त वापरली गेली. मधे पेरणीच्या सुमारास टूरला खंड पडला, तेव्हा मी घरी होतो. भावाबरोबर सरकी लावली, दोबार पेरणीची पाळी आली नाही एवढं नशीब. परत गेलो तेव्हा तो बदललेला वाटला. त्या खंडात त्याने फक्त शंभर यार्डाच्या आतले शॉट मारले होते, ड्रायव्हरला हात लावला नव्हता. पुढच्या स्पर्धांत कट लागत गेले. एकदा शेवटच्या दिवशी सकाळी तो आघाडीपासून दोन शॉट मागे होता. दहाव्या होलपर्यंत मला वाटलं आज होतंय. मग समोरच्या गटातल्याने लागोपाठ बर्ड्या मारल्या. आमचं काही चुकलं नाही, तो जास्त चांगला खेळला. त्या आठवड्याच्या टक्क्यांतून मी मोटरपंपाची वायंडिंग करून घेतली.

जमशेदपूरला डिसेंबरमध्ये वर्षाची शेवटची मोठी स्पर्धा असते, टाटा स्टील टूर चॅम्पियनशिप. वर्षाच्या यादीत वरचे असतात तेच खेळतात. आम्ही त्यात नव्हतो. त्याने मला फोन करून सांगितलं की यंदा पुन्हा पात्रता फेरी देतो, येशील का. मी आधी पैशाचं विचारलं, मग हो म्हटलं.

मोर्शी_ते_ओहायो

शंभर यार्डाच्या आत, हे शहाणपणाचं. इथेही रेंजवर (सरावाच्या जागी) बघतो, नवे पोरं ड्रायव्हर मारत सुटतात आणि जुने लोक कोपऱ्यात वेज (जवळचे शॉट मारायचा क्लब) घेऊन बसलेले असतात.

वैनगंगा

भंडाऱ्याहून लिहिते आहे. माझ्या बहिणीचा मुलगा अकरावीत आहे. नागपूरला मावशीकडे राहतो आणि सुट्टीत गोल्फ कोर्सवर काम मिळतं का म्हणून मागे लागलाय. घरचे नको म्हणतात. दादा, तुम्ही काय सांगाल? खरं सांगा.

कन्हानकाठचा

ताई, सुट्टीत जाऊ द्या, कॉलेज सोडू देऊ नका. कोर्सवर कॅडी मास्टर असतो, थेट त्याला जाऊन भेटायचं, मधल्या कुणाला पैसे द्यायचे नाहीत. बूट हवेत, चपलेत आला तर पहिल्याच दिवशी परत पाठवतील. इंग्रजी आकडे तोंडपाठ हवेत, एकशे त्रेपन्न म्हटलं की लगेच कळलं पाहिजे. नियमांचं ॲप मोबाइलवर फुकट मिळतं, ते वाचत राहायचं, मोठमोठ्या मेंबरांना नियम माहीत नसतात आणि नियम सांगणाऱ्या पोराला ते लक्षात ठेवतात. उन्हाळ्यात पहाटेचीच पाळी घ्यायची, नऊनंतर नागपुरात बॅग उचलू नये. सोमवारी कोर्स बंद असेल तर कॅडींना खेळू देतात का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. देत असतील तर तिथेच ठेवा, नसतील तर दुसरा कोर्स बघा.

तो कामठीकडे येत असेल तर व्यनि करा, मी ओळखीच्या माणसाशी बोलून ठेवतो. सध्या प्रेरणात आहे, भुसावळच्या पुढे नेटवर्क जातंय येतंय. सुभेदार साहेबांनी ब्राउनचे फोटो आहेत म्हणून व्यनित लिहिलंय, ते त्यांनी इथेच टाकावेत. बाकीच्यांना अहमदाबादला पोचल्यावर उत्तर देतो.